जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ : एक देणगी आणि तिचीं आवारें

आज मी आपणांस अमेरिकेंतील एका विद्यापीठाची हकीकत सांगणार आहें. आरंभ त्याच्या नांवापासूनच करतों, कारण तें नांव पुष्कळदां चुकीचें उच्चारलें जातें. आपण सहज 'जॉन हॉपकिन्स' म्हणून जातों. पण खरें नांव 'जॉन्स हॉपकिन्स' असें आहे. 'जॉन्स' हें संस्थापकाच्या घराण्यांतील एका पूर्वज स्त्रीचें माहेरचें आडनांव. तें प्रथम त्याच्या आजोबाला ठेवण्यांत आलें, आणि आजोबाचें नांव पुढें नातवाला मिळालें. आजोबाचें नांव नातवाला ठेवण्याची चाल आपल्याकडेहि आहे; तेव्हां एवढ्यापुरतें तरी हें नांव आपणांस परकें वाटूं नये.

नांवानंतर दुसरा प्रश्न येतो तो असा कीं, जगांत इतकीं विद्यापीठें असतां ह्याच एकाची हकीकत कां सांगावी? त्यासाठीं आपल्या मुंबई विद्यापीठाकडे क्षणभर पाहूं. तें १८५७ मध्यें लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालें. शिकविण्याचें काम महाविद्यालयें करीत. विद्यापीठ अभ्यासक्रम आंखून देई, परीक्षा घेई आणि पदव्या देई. स्वतःचे अध्यापनविभाग त्याला विसाव्या शतकांत मिळाले. त्या काळच्या अमेरिकन महाविद्यालयांत शिकविणें होतें, पण तें बहुतेक पाठ म्हणवून घेण्याचें. ग्रीक, लॅटिन, गणित आणि नीतिशास्त्र यांचे ठराविक धडे तरुणांकडून तयार करून घेतले कीं अध्यापकाचें कर्तव्य संपलें, अशी समजूत होती. नवें ज्ञान शोधून काढणें हें अध्यापकाचें रोजचें काम आहे, आणि तें काम विद्यार्थ्याला सोबत घेऊन करावयाचें आहे, ही कल्पना जर्मनींतील विद्यापीठांत रुजली होती. ज्या अमेरिकन तरुणाला तिचा लाभ हवा असे, त्याला समुद्र ओलांडून लाइप्झिग किंवा गटिंगेन गांठावें लागे. ही कल्पना अमेरिकेच्या भूमींत जाणूनबुजून लावण्याचें काम १८७६ मध्यें बाल्टिमोर शहरीं झालें. आज ज्याला संशोधन-विद्यापीठ म्हणतात त्याचा तेथील आरंभ हा.

आणि हें काम सरकारनें केलें नाहीं. एका वाण्याच्या मृत्युपत्रांतून तें उभें राहिलें. एका माणसाचा खाजगी पैसा सर्वांच्या उपयोगाचें ज्ञान कसा होतो, आणि तो होत असतां कोण दाराच्या आंत येतो व कोण बाहेर राहतो, हा ह्या हकीकतीचा खरा विषय आहे.

जॉन्स हॉपकिन्स १८९५ च्या बरोबर शंभर वर्षें आधीं, म्हणजे १७९५ मध्यें, मेरीलंड प्रांतांतील तंबाखूच्या मळ्यावर एका क्वेकर कुटुंबांत जन्मला. क्वेकर हा साधी राहणी, शांतता आणि मनुष्यमात्राची समता मानणारा ख्रिस्ती पंथ. बाराव्या वर्षीं शाळा सुटली आणि शेतावरचें काम नशिबीं आलें. सतराव्या वर्षीं तो बाल्टिमोरला चुलत्याच्या किराणा दुकानांत गेला. तेथें चुलतबहिणीशीं विवाह करण्याची त्याची इच्छा होती. पंथाच्या नियमांनीं ती पुरी होऊं दिली नाहीं, आणि दोघेंहि आजन्म अविवाहित राहिलीं. पुढें त्यानें स्वतःची पेढी काढली. गिऱ्हाइकांपाशीं रोकड नसे तेव्हां तो मालाच्या मोबदल्यांत व्हिस्की घेई आणि ती आपल्या नांवानें विकी; त्याबद्दल पंथानें त्याला कांहीं काळ बाहेर काढलें. पैसा वाढला तसा तो सावकारींत आणि मुख्यतः बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेंत गेला. १८७३ च्या डिसेंबरांत, नाताळच्या आदल्या दिवशीं तो वारला, तेव्हां त्यानें सत्तर लाख डॉलर मागें ठेवले होते: निम्मे विद्यापीठासाठीं आणि निम्मे इस्पितळासाठीं. अमेरिकेंत एवढें मोठें विद्यादान तोंपर्यंत कोणी केलें नव्हतें.

इस्पितळाविषयीं त्यानें विश्वस्तांना सविस्तर पत्र लिहिलें होतें. शहरांतील गरीब रुग्णांना लिंग, वय किंवा वर्ण न पाहतां मोफत औषधोपचार मिळावा, परिचारिकांचें शिक्षण व्हावें, आणि इस्पितळ पुढें विद्यापीठाच्या वैद्यकशाळेचें अंग व्हावें, असें त्यांत होतें. विद्यापीठाविषयीं मात्र तो जवळजवळ कांहींच बोलला नाहीं. काय शिकवावें, कोणाला शिकवावें, हें त्यानें विश्वस्तांवर सोडलें. केवळ दोन गोष्टी त्यानें सुचविल्या: इमारती मुद्दलांतून न बांधतां उत्पन्नांतून बांधाव्या, आणि रेल्वेचे शेअर शक्यतों विकूं नयेत. यांपैकीं पहिली सूचना वरदान ठरली आणि दुसरी जवळजवळ जिवावर बेतली.

विश्वस्तांनीं हार्वर्ड, कॉर्नेल आणि मिशिगन येथील अध्यक्षांचा सल्ला घेतला. तिघांनींहि एकच नांव सुचविलें. तें डॅनियल कॉइट गिलमन यांचें. गिलमन तेव्हां कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष होते. १८७६ च्या फेब्रुवारींत त्यांनीं बाल्टिमोर येथील अधिकारपद स्वीकारलें. उत्पन्न मर्यादित, इमारत नाहीं, मुद्दल हातीं लागत नाहीं, अशा स्थितींत त्यांनीं ठरविलें कीं पैसा प्रथम माणसांवर खर्च करावयाचा. त्या वर्षीं सप्टेंबरांत इंग्लंडचे प्राणिशास्त्रज्ञ टॉमस हक्स्ले यांचें उद्घाटनपर व्याख्यान झालें. त्यांनींहि, शोभेच्या इमारतींपेक्षां कामापुरत्या खोल्या बऱ्या, असाच अभिप्राय दिला. त्या समारंभांत प्रार्थना झाली नाहीं म्हणून शहरांत केवढी कुरकूर झाली! पण वर्ग सुरू झाले.

पहिलें आवार म्हणजे हॉवर्ड रस्त्यावरचीं दोन जुनीं घरें. त्यांत भिंती पाडून वर्ग आणि प्रयोगशाळा केल्या होत्या. हॉपकिन्सचा क्लिफ्टन नांवाचा विस्तीर्ण बंगला व बाग शहराबाहेर होती, आणि विद्यापीठ तेथें जावें असा त्याचा मानस होता. पण तेथें बांधकामाला पैसा कधींच उरला नाहीं. शेवटीं १८९५ मध्यें ती जागा शहरानें घेतली आणि तिचें सार्वजनिक उद्यान झालें. ह्याच सुमारास आपल्या मुंबईंत कापसाच्या तेजींत श्रीमंत झालेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगींतून विद्यापीठाचें ग्रंथालय व राजाबाई मनोरा उभा राहिला, तो १८७८ मध्यें पुरा झाला. त्याची शोभा आजहि आपले डोळे निववते. बाल्टिमोरला त्याच वर्षीं मनोरा नव्हता. पण चार विद्यार्थ्यांना पहिली पीएच.डी. पदवी मिळाली होती, गणिताचें एक नियतकालिक निघालें होतें, आणि विद्यापीठाचा स्वतःचा ग्रंथप्रकाशन-विभाग सुरू झाला होता. हा विभाग तेव्हांपासून आजवर अखंड चालू आहे.

त्या दोन घरांत बसलेलीं माणसें कोण होतीं तें पाहिलें म्हणजे गिलमन यांची निवड कळते. गणिताला जे. जे. सिल्व्हेस्टर होते. ते यहुदी असल्यामुळें, परीक्षेंत दुसरे येऊनहि केंब्रिजनें तरुणपणीं त्यांना पदवी दिली नव्हती. साठी उलटल्यावर बाल्टिमोरनें त्यांना बोलावलें. पदार्थविज्ञानाला हेन्री रोलंड होते. प्रकाशाचें पृथक्करण करण्यासाठीं त्यांनीं धातूच्या पृष्ठभागावर एका इंचांत चौदा हजारांहून अधिक समांतर रेषा ओढणारें यंत्र तयार केलें, आणि त्यावर झालेल्या जाळ्या देशोदेशींच्या प्रयोगशाळांत गेल्या. रसायनाला रेम्सेन होते; त्यांच्या प्रयोगशाळेंत १८७९ मध्यें सॅकरीन सांपडलें. शिकविण्याची रीतहि निराळी होती. अध्यापक व दहाबारा विद्यार्थी एका टेबलाभोंवतीं बसत, प्रत्येकजण आपलें ताजें काम मांडी, आणि बाकीचे त्याची तपासणी करीत. शिवाय निवडक पदवीधरांना वर्षाला पांचशें डॉलरची वृत्ति मिळे. शिकण्यासाठीं पैसे मोजण्याऐवजीं शिकण्यासाठीं पैसे मिळावेत, हें त्या काळीं नवल होतें.

मराठी श्रोत्यांना आस्था वाटावी अशीहि एक गोष्ट ह्या घरांत घडत होती. येथें आरंभापासून संस्कृतचें अध्ययन होतें. मॉरिस ब्लूमफील्ड यांनीं १८७९ मध्यें येथेंच पीएच.डी. मिळविली आणि पुढें अनेक वर्षें येथें संस्कृत शिकविलें. अथर्ववेदाचें त्यांनीं केलेलें निवडक भाषांतर १८९७ मध्यें प्रसिद्ध झालें. काश्मीरमध्यें सांपडलेली अथर्ववेदाच्या पैप्पलाद शाखेची भूर्जपत्रावरील पोथी जर्मनींत ट्यूबिंगेन येथें होती. तिच्या पानापानाचें छायाचित्र घेऊन तो ग्रंथ ब्लूमफील्ड व गार्बे यांनीं १९०१ मध्यें बाल्टिमोरहून प्रकाशित केला. त्यांचा वैदिक वाक्यकोश १९०६ चा. वैदिक वाङ्मयांतील प्रत्येक चरण कोठें कोठें आला आहे हें सांगणारा हा ग्रंथ हजाराहून अधिक पानांचा आहे, आणि वेदाभ्यासकाला तो आजहि हाताशीं लागतो.

आतां त्या दुसऱ्या सूचनेकडे वळूं. विद्यापीठाचें जवळजवळ सर्व धन एकाच रेल्वे कंपनीच्या शेअरांत होतें. १८८० च्या दशकाच्या अखेरीस ती कंपनी अडचणींत आली आणि नफ्याची वांटणी थांबली. विद्यापीठाला फी वाढवावी लागली. त्या फीवाढीचा एक बळी नोंदण्यासारखा आहे. केली मिलर हा १८८७ मध्यें येथें आलेला पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी गणिताचा अभ्यास करीत होता. १८८९ मध्यें पैशाअभावीं त्याला शिक्षण सोडून जावें लागलें. पुढें तो वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठांत मोठा अध्यापक झाला. पण बाल्टिमोरची संधि गेली ती गेलीच.

इस्पितळाचा पैसा वेगळा असल्यामुळें तें १८८९ च्या मे महिन्यांत पूर्व बाल्टिमोरच्या टेकडीवर उघडलें. हें विद्यापीठाचें दुसरें आवार. मोकळी हवा खेळावी म्हणून रुग्णकक्ष एकमेकांपासून अलग बांधले होते. पण त्याला जोडून व्हावयाची वैद्यकशाळा पैशासाठीं अडली. तेव्हां पुढें आल्या त्या विश्वस्तांच्याच घरांतील सुशिक्षित मुली. त्यांत मुख्य मेरी गॅरेट. ज्या रेल्वेनें विद्यापीठाला अडचणींत आणलें तिच्याच माजी अध्यक्षाची ही कन्या. तिच्या मैत्रिणींपैकीं कॅरी टॉमस हिला ह्याच विद्यापीठाच्या चर्चावर्गांत स्त्री म्हणून बसूं दिलें नव्हतें, आणि ती शिकण्यासाठीं युरोपांत गेली होती. ह्या स्त्रियांनीं देशभर समित्या काढून पैसा जमविला आणि १८९० मध्यें विश्वस्तांपुढें ठेवला. अट एकच कीं स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीनें प्रवेश मिळावा. विश्वस्तांनीं पांच लाख डॉलरचा आंकडा पुरा करण्यास सांगितलें. उरलेले तीन लाखांवर डॉलर मेरी गॅरेटनें १८९२ च्या अखेरीस स्वतः भरले आणि आणखी अटी घातल्या: येणाऱ्या विद्यार्थ्यापाशीं महाविद्यालयीन पदवी हवी, विज्ञानाचें शिक्षण हवें, फ्रेंच व जर्मन हवी. तोंपर्यंत अमेरिकेंत पदवीवांचून डॉक्टर होतां येई. ह्या अटी पाहून ऑस्लर वेल्च यांना म्हणाले कीं, आपण अध्यापक म्हणून आलों हें आपलें नशीब, विद्यार्थी म्हणून आपणांस कोणी घेतलें नसतें! १८९३ मध्यें अठरा विद्यार्थी आले, त्यांत तीन स्त्रिया होत्या.

आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्यें फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून डॉक्टर झाल्या, तें महाविद्यालय केवळ स्त्रियांचें होतें. बाल्टिमोरला, तेथून शंभर मैलांच्या आंत, सात वर्षांनीं स्त्री व पुरुष एकाच टेबलाशीं शवविच्छेदन करूं लागले. हा फरक लहान नाहीं. आणि तो उदारपणानें नव्हे तर पैशाच्या गरजेनें घडला, हेंहि विसरूं नये.

ह्या वैद्यकशाळेनें रोग्याच्या खाटेपाशीं शिकविण्याची रीत रूढ केली. शस्त्रवैद्य हॉल्स्टेड यांच्या मदतनीस परिचारिकेचे हात जंतुनाशक द्रावणानें सोलले, म्हणून त्यांनीं तिच्यासाठीं रबराचे पातळ हातमोजे करवून घेतले. पुढें त्या दोघांचा विवाह झाला, आणि हातमोजे साऱ्या जगांतील शस्त्रक्रियागृहांत गेले. १९१० मध्यें ॲब्राहम फ्लेक्स्नर यांनीं अमेरिकेंतील वैद्यकशाळांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हां आदर्श म्हणून त्यांनीं ह्याच शाळेकडे बोट दाखविलें. ते स्वतः ह्याच विद्यापीठाचे पदवीधर होते. १९१६ मध्यें रॉकफेलर निधीच्या साहाय्यानें तेथेंच सार्वजनिक आरोग्याची स्वतंत्र शाळा स्थापन झाली. एकेका रोग्यापेक्षां साऱ्या वस्तीचें आरोग्य हा तिचा विषय.

तिसरें आवार होमवुड. शहराच्या उत्तरेकडील ही जमीन वायमन व कायझर ह्या गृहस्थांच्या पुढाकारानें १९०२ मध्यें विद्यापीठाला देऊं करण्यांत आली. तेथें अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या चार्ल्स कॅरोलनें १८०१ मध्यें मुलाच्या संसारासाठीं बांधविलेलें घर होतें. लाल विटा, पांढरे खांब, प्रमाणबद्ध खिडक्या. हेंच घर साऱ्या आवाराचा नमुना ठरलें. गिलमन यांच्या नांवाची पहिली मोठी इमारत १९१५ ची; १९१६ मध्यें विद्यापीठ हॉवर्ड रस्त्यावरून येथें आलें. पुढें १९६४ मध्यें मोठें ग्रंथालय बांधलें तेव्हां गिलमन-भवनाहून कांहीं उंच दिसूं नये म्हणून त्याचे बहुतेक मजले जमिनीखालीं नेले. पण त्या सुंदर जुन्या घराविषयीं आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कॅरोल कुटुंबाचे गुलाम तेथें राबत होते. आज तें घर संग्रहालय आहे आणि त्या लोकांची हकीकतहि तेथें सांगितली जाते.

यापुढचीं आवारें थोडक्यांत सांगतों. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ मध्यें, प्रयोगशाळेंत जन्मलेलें विज्ञान युद्धाच्या कामीं लावण्यासाठीं एक वेगळी भौतिक-प्रयोगशाळा निघाली. ती आज वॉशिंग्टन व बाल्टिमोर यांच्या मधें लॉरेल येथें आहे आणि अंतराळयानेंहि तयार करते. आंतरराष्ट्रीय राजकारणाची वॉशिंग्टन येथील शाळा १९४३ ची. ती १९५० मध्यें विद्यापीठांत आली आणि १९५५ मध्यें इटलींतील बोलोन्यास व १९८६ मध्यें चीनमधील नानजिंगला तिचीं केंद्रें झालीं. १८५७ चें, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या जन्मवर्षाचें, पीबॉडी संगीतविद्यालय १९७७ मध्यें जोडलें गेलें. विद्यापीठाच्या आरंभीच्या दिवसांत ह्याच पीबॉडीच्या ग्रंथालयावर अध्यापकांची भिस्त होती, म्हणजे शेजारी शंभर वर्षांनीं नात्यांत आला म्हणावयाचें. वॉशिंग्टनमधील नवें केंद्र २०२३ मध्यें उघडलें.

आवारें वाढलीं, पण दारें त्याच गतीनें उघडलीं नाहींत. क्रिस्टीन लॅड हिला सिल्व्हेस्टर यांच्या आग्रहानें १८७८ मध्यें गणिताला बसूं दिलें. स्वतः केंब्रिजच्या दाराबाहेर राहिलेल्या माणसानें तिच्यासाठीं दार ढकललें. तिनें १८८२ मध्यें प्रबंध पुरा केला. पदवी मिळाली ती १९२६ मध्यें, चव्वेचाळीस वर्षांनीं. भूगर्भशास्त्रांत १८९३ मध्यें पीएच.डी. झालेल्या फ्लॉरेन्स बॅस्कम हिला वर्गांत पडद्याआड बसावें लागे. आपल्याकडील पडदा आपणांस ठाऊक आहे. विज्ञानाच्या वर्गांतला हा पडदा मात्र नवा. पदवीपूर्व वर्गांत मुलींना प्रवेश मिळण्यास १९७० साल उजाडलें.

वर्णाचें दार त्याहून जड होतें. संस्थापकानें वर्ण न पाहण्याविषयीं लिहिलें होतें, तरी त्याच्या इस्पितळांत कृष्णवर्णीयांचे कक्ष कित्येक दशकें वेगळे होते. तेथें १९४४ मध्यें, हृदयाच्या जन्मजात दोषानें निळसर पडणाऱ्या बालकांवर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया झाली. कल्पना हेलन टॉसिग यांची, सुरी ब्लॅलॉक यांची. पण ती पद्धति कुत्र्यांवर वर्षभर सिद्ध करून देणारा आणि शस्त्रक्रियेच्या वेळीं ब्लॅलॉक यांच्या मागें उभा राहून सूचना देणारा मनुष्य होता व्हिव्हियन टॉमस, महाविद्यालयाचें तोंड न पाहिलेला कृष्णवर्णीय सहायक. विद्यापीठानें त्याला सन्माननीय पदवी दिली ती १९७६ मध्यें. १९५१ मध्यें हेन्रिएटा लॅक्स ही पांच मुलांची आई त्याच इस्पितळांत कर्करोगानें वारली. तिच्या गांठींतील पेशी तिला न विचारतां घेतल्या गेल्या, आणि त्या प्रयोगशाळेंत अखंड वाढत राहिल्या. पोलिओच्या लसीपासून कितीतरी शोधांना त्यांनीं हात दिला. तिच्या घरच्यांना मात्र हें वीसएक वर्षें ठाऊक नव्हतें. आणि २०२० मध्यें विद्यापीठानें स्वतःच जाहीर केलें कीं, १८४० व १८५० च्या शिरगणतींत खुद्द जॉन्स हॉपकिन्सच्या घरीं गुलामांची नोंद सांपडते. गुलामगिरीचा शत्रु म्हणून त्याची जी कथा सांगितली जाई तिला त्यामुळें धक्का बसला. नोंदींच्या अर्थाविषयीं अभ्यासकांत वाद आहे. पण स्वतःच्या संस्थापकाचें दप्तर स्वतः उघडून पाहणें हेंहि संशोधनच होय, आणि तें ह्या विद्यापीठाला शोभलें.

आजची स्थिति काय? संशोधनावर खर्च करण्यांत हें विद्यापीठ कित्येक वर्षें अमेरिकेंत सर्वांच्या पुढें राहिलें आहे. १९६४ चे पदवीधर मायकेल ब्लूमबर्ग यांनीं शिक्षण संपल्यावर पहिली देणगी पांच डॉलरची दिली होती. २०१८ मध्यें त्यांनीं गरजू विद्यार्थ्यांसाठीं एक अब्ज ऐंशीं कोटि डॉलर दिले, आणि २०२४ मध्यें आणखी एक अब्ज डॉलर देऊन बहुतेक वैद्यक विद्यार्थ्यांची फी माफ करविली. केली मिलर पैशाअभावीं गेला त्याला तेव्हां एकशें पस्तीस वर्षें झालीं होतीं. पण संशोधनाचा मोठा भाग सरकारी पैशावर चालतो. २०२५ मध्यें परदेशांतील मदतीचा सरकारी निधि बंद झाला, विद्यापीठाचे ऐंशीं कोटींहून अधिक डॉलर बुडाले, आणि देशोदेशींच्या दोन हजारांहून अधिक जागा रद्द कराव्या लागल्या. एका रेल्वेच्या शेअरांवर विसंबून राहिल्याचें फळ त्यानें एकदां चाखलें होतें. दाता बदलला, धोका तोच राहिला.

श्रोतेहो, ह्या दीडशें वर्षांच्या हकीकतींतून मला एक गोष्ट विशेष वाटते. दात्यानें पैसा दिला आणि विद्यापीठाविषयीं तो मौन राहिला. त्या मौनामुळेंच गिलमन यांना माणसें आधीं आणि भिंती मागाहून असें करतां आलें. पण इस्पितळाविषयीं त्यानें स्पष्ट शब्द लिहिले होते, तरी ते पाळले जाण्यास पाऊणशें वर्षांहून अधिक काळ लागला. म्हणजे मृत्युपत्रांत काय लिहिलें आहे यावर सर्व कांहीं ठरत नाहीं. तें वाचणाऱ्यांच्या मनांत काय आहे यावर ठरतें. मेरी गॅरेटनें पैशाला अट जोडली, सिल्व्हेस्टर यांनीं आग्रह धरला, व्हिव्हियन टॉमस पाठीमागें उभा राहून बोलत राहिला. विद्यापीठाचीं खरीं आवारें अशा माणसांनीं वाढविलीं. आपल्या गांवांतल्या एखाद्या ग्रंथालयाच्या किंवा महाविद्यालयाच्या कोनशिलेवर देणगीदाराचें नांव वाचाल, तेव्हां त्याखालीं न कोरलेलीं हीं नांवेंहि एकवार आठवावीं, एवढीच विनंति करून आपली रजा घेतों.